वाटेत राहिलेली शक्ती

विहिरीतून काढलेले पाणी पाटाने मळ्यात जाते. ते विहिरीपाशी मोजले तर शंभर घागरी भरते. तेच वाफ्याच्या तोंडाशी मोजले तर पंच्याण्णव घागरीच भरतात. विहिरीपाशी मोजणारा खोटे बोलत नाही आणि वाफ्यापाशी मोजणाराही खोटे बोलत नाही. मधल्या पाच घागरी पाटाच्या मातीने पिऊन टाकलेल्या असतात. अशा वेळी दोघांत कोण खरा, असा वाद घालणे व्यर्थ होय. विचारायचा प्रश्न एकच असतो : 'तू कोठे उभा राहून मोजलेस?'

हाच प्रश्न सायकल चालवणाऱ्याच्या शक्तीविषयीही विचारावा लागतो. सायकलस्वार पायडलावर जोर लावतो. तो जोर क्रँक फिरवतो, क्रँक दातेरी चक्र फिरवते, चक्र साखळी ओढते, साखळी मागचे फ्रीव्हील फिरवते आणि शेवटी मागचे चाक रस्त्याला मागे रेटून सायकल पुढे नेते. पायापासून रस्त्यापर्यंतचा हा प्रवास जेमतेम हात-दीड हाताचा आहे. परंतु एवढ्याशा वाटेतही थोडीशी शक्ती हरवते. ती किती हरवते, कोठे हरवते आणि शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवर तिचा काय परिणाम होतो, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम शक्ती म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. रोजच्या बोलण्यात आपण जोर, ताकद आणि शक्ती हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात मात्र तसे चालत नाही. केवळ जोर लावला म्हणजे काम होत नाही. भिंतीला कितीही रेटले तरी भिंत हलत नाही, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने काम शून्यच. जोर लावून वस्तू हलली, तर काम झाले. आणि ते काम किती वेळात झाले, यावरून शक्ती ठरते. दोघे हमाल तेच पोते त्याच माडीवर नेऊन ठेवतात, तेव्हा दोघांचे काम सारखेच. पण जो अर्ध्या वेळात नेतो, त्याची शक्ती दुप्पट.

शक्ती मोजण्याच्या मापाला 'वॅट' म्हणतात. अठराव्या शतकात वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणारा स्कॉटलंडचा जेम्स वॅट याच्या नावावरून हे नाव पडले आहे. आपले यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकांना सांगता यावे म्हणून वॅटने 'अश्वशक्ती' हे माप रूढ केले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. माणसाची शक्ती अर्थातच याहून पुष्कळ कमी असते. दहा लिटर पाण्याची बादली दर सेकंदाला एक मीटर या वेगाने वर ओढत राहिल्यास सुमारे शंभर वॅट शक्ती लागते. तशा दोन बादल्या एकाच वेळी ओढल्या, तर दोनशे वॅट. मिनिट-दोन मिनिटे असे ओढणे पुष्कळांना जमेल. तासभर ओढणे मात्र सराव केलेल्या माणसाचेच काम आहे.

पण सायकलवर बसलेल्या माणसाची शक्ती मोजायची कशी? त्याच्या पायाला तर तराजू लावता येत नाही. पूर्वी अशी मोजमापे प्रयोगशाळेत, जमिनीवर पक्क्या बसवलेल्या यंत्रावर स्वाराला बसवूनच होत असत. उल्रिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ साली 'एसआरएम' ही संस्था सुरू केली आणि धावत्या सायकलच्या क्रँकमध्येच बसणारा शक्तिमापक तयार केला. प्रयोगशाळा जणू रस्त्यावर आली. आज शर्यतीत भाग घेणाऱ्या बहुतेक खेळाडूंच्या सायकलला शक्तिमापक असतो आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॅटांचा आकडा क्षणाक्षणाला दिसत असतो.

या यंत्राच्या पोटात जी युक्ती आहे, ती फार साधी आणि फार सुंदर आहे. पोलाद आपल्याला ताठ आणि अविचल वाटते. परंतु जोर पडला की तेही किंचित वाकते व ताणले जाते. ही विकृती इतकी सूक्ष्म असते की ती डोळ्यांना दिसणे शक्य नाही. ती ओळखण्यासाठी एक अतिशय बारीक तार पोलादाला चिकटवतात. पोलादाबरोबर तारही ताणली जाते. ताणलेली तार लांब व बारीक होते, आणि तिच्यातून वीज वाहण्यास अधिक विरोध होतो. हा वाढलेला विरोध मोजला की पोलादावर किती जोर पडला, हे कळते. या तारेच्या पट्टीला 'स्ट्रेन गेज' म्हणतात. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी १९३८ साली, एकमेकांशी संबंध नसताना, ही युक्ती शोधून काढली. रूज हे त्या वेळी भूकंपाचा पाण्याच्या उंच टाक्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करीत होते. टाक्यांसाठी शोधलेली पट्टी पुढे सायकलस्वाराच्या पायापर्यंत जाऊन पोहोचली! ज्ञानाची वाट अशीच वळणावळणाची असते.

जोर कळला की पुढचे काम गुणाकाराचे. समजा, क्रँकची लांबी सतरा सेंटिमीटर आहे आणि स्वार मिनिटाला नव्वद फेऱ्या मारतो. एका फेरीत पायडल सुमारे एक मीटर सात सेंटिमीटर अंतर चालते. म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर. आता पायडलावर सरासरी साडेबारा ते तेरा किलो वजनाइतका जोर पडत असेल, तर जोर आणि वेग यांचा गुणाकार दोनशे वॅटच्या जवळपास येतो. यंत्र हाच हिशेब दर फेरीला करते आणि आकडा पडद्यावर दाखवते.

येथवर सारे सरळ आहे. खरी गंमत यापुढे आहे. शक्तिमापक सायकलच्या एकाच ठिकाणी बसतो असे नाही. कोणी तो पायडलात बसवतो, कोणी क्रँकमध्ये, तर कोणी मागच्या चाकाच्या हबमध्ये. याखेरीज घरात सराव करण्याचे एक यंत्र असते. त्याला 'ट्रेनर' म्हणतात. त्याच्या एका प्रकारात सायकलचे मागचे चाक काढून ठेवतात आणि साखळी थेट यंत्राच्या दातेरी चक्रावर चढवतात. हे यंत्रही स्वतःच शक्ती मोजते. पायडल आणि क्रँक येथील मापक साखळीच्या अलीकडे असतात; हब आणि ट्रेनर साखळीच्या पलीकडे. मधल्या वाटेवर साखळी आहे, आणि आपली हरवलेली शक्ती शोधायची ती मुख्यतः तिच्यापाशीच.

सायकलला पहिल्यापासून साखळी नव्हती. जुन्या काळच्या उंच सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके मोठे असे, आणि पायडले थेट त्याच चाकाच्या आसाला जोडलेली असत. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरे. वेग हवा म्हणून चाक मोठे करावे लागे, आणि चाक मोठे म्हणून पडण्याची भीतीही मोठी असे. १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी रूळ बसवलेल्या साखळीचा शोध लावला. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची होती आणि साखळी मागचे चाक फिरवीत होती. आज आपण ज्या सायकलवर बसतो, ती या रोव्हरचीच वंशज होय. पाय एकदा फिरला असता चाक दोन-तीनदा फिरवण्याची सोय साखळीने केली आणि उंच चाकावरून माणसाला सुखरूप खाली उतरवले. एवढ्या उपकाराबद्दल तिने थोडी शक्ती स्वतःकडे ठेवून घेतली, तर तिला कोणी दोष देऊ नये!

साखळी ही शक्ती कशी घेते? साखळी म्हणजे अर्ध्या इंचाच्या अंतराने पिना घालून जोडलेल्या शंभरावर कड्यांची माळ. सरळ चाललेली कडी दातेरी चक्रावर चढताना वाकते आणि चक्रावरून उतरताना पुन्हा सरळ होते. पुढच्या चक्रावर दोनदा आणि मागच्या चक्रावर दोनदा, अशी चार वळणे प्रत्येक कडी एका प्रदक्षिणेत घेते. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दात असले आणि स्वार मिनिटाला साठ फेऱ्या मारीत असला, तर मिनिटाला २,८८० कड्या प्रत्येक वळणावरून जातात. चारही वळणांचा हिशेब केला तर ही संख्या साडेअकरा हजारांच्या घरात जाते. प्रत्येक वळणाला पिन आपल्या घरात घासते. खालची बाजू सैल असल्यामुळे तेथे घर्षण थोडे असते. वरची बाजू ताणलेली असल्यामुळे मुख्य घर्षण तेथे होते. घर्षणातून उष्णता निर्माण होते आणि ती हवेत निघून जाते. हरवलेल्या शक्तीचा पत्ता हाच. जगात ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप बदलते आणि आपल्या उपयोगाबाहेर जाते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चक्र जितके लहान, तितके कडीला अधिक वाकावे लागते. अकरा दातांच्या चक्रावर प्रत्येक कडी सुमारे तेहेतीस अंशांतून वळते. बावीस दातांच्या चक्रावर तिला सोळा अंशांहून थोडेसेच अधिक वळावे लागते. म्हणून पुढे चव्वेचाळीस व मागे अकरा दात काय, किंवा पुढे साठ व मागे पंधरा दात काय, चाकाच्या चार फेऱ्या होणार त्या होणारच. परंतु मोठ्या चक्रांच्या जोडीत शक्ती कमी वाया जाते. ट्रॅकवरच्या शर्यतींत खेळाडू मोठी दातेरी चक्रे लावताना दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

हे सर्व तर्काने पटले, तरी शास्त्र केवळ तर्कावर थांबत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांचे सहकारी यांनी सायकलच्या साखळीची कसून परीक्षा केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली लोकांपुढे आले. पुढच्या चक्रात किती शक्ती घातली आणि मागच्या चक्रातून किती निघाली, हे त्यांनी काळजीपूर्वक मोजले. उष्णता 'पाहू' शकणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याने त्यांनी फिरणारी साखळी न्याहाळली, तेव्हा ती तापत असल्याचेही दिसून आले. सर्वांत अनुकूल परिस्थितीत साखळीची कार्यक्षमता ९८.६ टक्के भरली. म्हणजे शंभर वॅट दिले असता दीड वॅटही वाया गेला नाही. सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत मात्र ती ८१ टक्क्यांपर्यंत खाली आली. मोठी चक्रे लहान चक्रांपेक्षा चांगली, हा तर्क खरा ठरला.

या प्रयोगातून दोन अनपेक्षित गोष्टीही हाती आल्या. साखळीवर ताण वाढला की तिची कार्यक्षमता कमी न होता वाढते, असे दिसले. म्हणजे सावकाश, हलक्या पायाने चालवताना हरवणाऱ्या शक्तीचे प्रमाण अधिक असते आणि जोर लावल्यावर ते कमी होते. दुसरी गोष्ट वंगणाची. प्रयोगशाळेतील स्वच्छ साखळीला कोणते वंगण लावले, याने फारसा फरक पडला नाही. पुढे इतरांनी केलेल्या अधिक बारीक मोजमापांत मात्र वंगणावंगणात काही वॅटांचा फरक आढळला. शिवाय आपल्या रस्त्यांवर प्रयोगशाळेतील स्वच्छता नसते. धूळ व वाळू पिनेच्या घरात शिरली, तर साखळी कुरकुरू लागते आणि लवकर झिजते. तेव्हा साखळी पुसून तिला तेल देण्याचा कंटाळा करावा, असा अर्थ या प्रयोगातून कोणी काढू नये.

आता पुन्हा मापकांकडे वळू. समजा, एका सायकलच्या क्रँकमध्ये एक आणि मागच्या हबमध्ये एक असे दोन अचूक मापक आहेत आणि साखळीची कार्यक्षमता सत्त्याण्णव टक्के आहे. स्वाराने क्रँकपाशी दोनशे वॅट दिले, तर हबपाशी एकशे चौऱ्याण्णव वॅट पोहोचतील. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा सांगतो, माणसाने किती दिले; दुसरा सांगतो, चाकाला किती मिळाले.

साखळी घाण झाली तर काय होईल? स्वार पूर्वीइतकाच जोर लावील आणि क्रँकवरचा मापक पूर्वीप्रमाणे दोनशेच दाखवील. बिचाऱ्याला पलीकडचे काही दिसतच नाही. हबचा मापक मात्र एकशे चौऱ्याण्णवावरून खाली उतरेल आणि सायकलचा वेगही मंदावेल. क्रँकचा आकडा कायम आणि वेग कमी, असे झाले म्हणजे सुज्ञ स्वार आपल्या पायांना दोष देण्याआधी वारा, चाकातील हवा आणि साखळी तपासतो.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. यावर कधी कधी माणसाचा आत्मविश्वास अवलंबून असतो. अशी कल्पना करू, की एक मुलगी वर्षभर रस्त्यावर सराव करते आहे. तिच्या क्रँकमधील मापकावर वीस मिनिटांची सरासरी दोनशे चाळीस वॅट येते. पावसाळा लागतो, रस्ते निसरडे होतात, म्हणून ती घरातल्या ट्रेनरवर सराव करू लागते. तेथे तिला कितीही धाप लागली तरी आकडा दोनशे तेहेतिसाच्या वर जात नाही. निवडीची शर्यत तोंडावर आलेली असते. ती खिन्न होऊन आपल्या मार्गदर्शकांकडे जाते.

"सर, माझी ताकद उतरली. एवढा सराव करूनही सात वॅट कमी झाले. मी यंदा नाव देत नाही."

"अगं, रस्त्यावर तुझा मापक कोठे होता?" सर विचारतात.

"क्रँकमध्ये."

"आणि हा ट्रेनर शक्ती कोठे मोजतो?"

मुलगी क्षणभर विचार करते. "साखळीच्या पलीकडे, सर."

"मग दोनशे चाळिसाचे सत्त्याण्णव टक्के किती, ते मनातल्या मनात कर पाहू."

मुलगी हिशेब करते, आणि तिचा चेहरा उजळतो. दोनशे तेहेतिसाच्या अगदी जवळचा आकडा तिच्यापुढे उभा राहतो. तिची ताकद उतरलेली नसते. केवळ मोजण्याची जागा बदललेली असते. याच्या उलट, जो प्रथम ट्रेनरवर मोजतो आणि नंतर क्रँकवर, तो आकडा वाढला म्हणून उगाच हुरळून जातो. विनाकारण खचणे आणि विनाकारण फुगणे, ही दोन्ही एकाच अज्ञानाची फळे होत.

मात्र सत्त्याण्णव टक्क्यांचा हा आकडा मंत्रासारखा सर्वत्र वापरता येत नाही. दातांची संख्या, ताण, स्वच्छता आणि झीज यांप्रमाणे तो बदलतो, हे आपण पाहिलेच. शिवाय मापक हेही माणसाने केलेले यंत्र आहे. प्रत्येक मापकात एक-दोन टक्क्यांची चूक संभवते. दोनशेच्या जागी एक मापक एकशे शहाण्णव दाखवील आणि एकशे चौऱ्याण्णवाच्या जागी दुसरा एकशे अठ्ठ्याण्णव दाखवील. मग चाकाला पायापेक्षा अधिक शक्ती मिळाली, असा चमत्कार दिसेल! निसर्गात असा चमत्कार होत नाही. साखळी शक्ती घेईल, पण पदरची देणार नाही. असा आकडा दिसला की यंत्रांपैकी निदान एक तरी चुकते आहे, हे निश्चित समजावे.

यंत्र चुकते की नाही, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. क्रँक आडवी धरून, चाक फिरू न देता, पायडलाच्या जागी माहीत असलेले वजन टांगायचे. साडेसतरा सेंटिमीटर लांबीच्या क्रँकला वीस किलोचे वजन टांगले, तर फिरवणारा जोर किती पडावा, हे गणिताने आधीच काढता येते. मापकाने तेवढाच दाखवला तर तो विश्वासू. नाही तर त्याला दुरुस्त केले पाहिजे. काही मापक केवळ डाव्या पायाचा जोर मोजतात आणि त्याची दुप्पट करतात. ज्याचे दोन्ही पाय सारखे बळकट आहेत, त्याला हे ठीक; परंतु पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा बलवान असतो, आणि मग त्या दुपटीत चूकही दुप्पट होते. हवेतील उष्णतेमुळे धातू प्रसरण पावतो, म्हणून स्वारीपूर्वी पायडलावर जोर नसताना मापक शून्यावर आणून ठेवण्याचा नियमही पाळावा लागतो.

सहा वॅटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. फ्रान्समध्ये आल्प दुएझ नावाचा एक प्रसिद्ध घाट आहे. त्याला एकवीस मोठी वळणे आहेत. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९५२ साली प्रथम तेथे गेली, आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी त्या दिवशी जिंकला. या घाटात एक हजार मीटरहून अधिक उंची चढावी लागते. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरले आणि केवळ उंची चढण्याचाच हिशेब केला, तर एक हजार मीटर चढण्यास दोनशे वॅटने पासष्ट मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो; एकशे चौऱ्याण्णव वॅटने सदुसष्ट मिनिटांहून अधिक. सहा वॅटांची किंमत दोन मिनिटे! ज्या शर्यतीत काही सेकंदांवर जय-पराजय ठरतो, तेथे दोन मिनिटे म्हणजे फार मोठा काळ होय.

सपाट ट्रॅकवर हिशेब निराळा असतो, कारण तेथे मुख्य शत्रू हवा असते. वेग दुप्पट करायचा, तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती लागते. म्हणून शक्ती एक टक्का वाढली, तर वेग सुमारे एक तृतीयांश टक्काच वाढतो. एका तासात एकट्याने किती अंतर तोडता येते, याचा विक्रम सायकलच्या जगात फार मानाचा समजला जातो. बेल्जियमच्या एडी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको येथे ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. १९ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडच्या डॅन बिगमने स्वित्झर्लंडमधील ग्रेन्चेन येथे ५५.५४८ किलोमीटर कापून त्या वेळचा विक्रम ४५९ मीटरांनी मोडला. हा बिगम व्यवसायाने अभियंता. केवळ पन्नास दिवसांनी, ८ ऑक्टोबर २०२२ रोजी, त्याच ट्रॅकवर इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. आणि गान्नाच्या तयारीला अभियंता म्हणून हातभार लावणाऱ्यांत बिगमही होता. आपला विक्रम मोडण्यासाठी आपलेच ज्ञान देणारा हा खेळाडू खरोखर धन्य होय. एवढ्या वेगात एक टक्का शक्ती वाचली, तर तासाला सुमारे एकशे नव्वद मीटर अंतर वाढते. ज्या विक्रमाचे अंतर मीटरांत मोजतात, त्यात साखळीच्या प्रत्येक कडीचा हिशेब ठेवावाच लागतो.

शर्यतीत भाग घेणारे थोडे. सायकलने शाळेत, शेतावर वा कामावर जाणारे मात्र पुष्कळ. त्यांना शक्तिमापकाची गरज नाही. तथापि त्यांच्याही पायांतून निघालेल्या शक्तीचा काही भाग कोरड्या, गंजलेल्या साखळीत रोज उष्णता होऊन जातो. आठवड्यातून एकदा फडक्याने साखळी पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडला आणि वरचे जादा तेल टिपून घेतले, तर ही गळती कमी होते. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना मोठा खर्च.

या सर्व विवेचनातून शिकण्यासारखी गोष्ट सायकलपुरती मर्यादित नाही. आकडा दिसला की तो खरा मानून मोकळे होण्याकडे माणसाचा कल असतो. परंतु आकडा स्वतःहून सारे सांगत नाही. तो कोणी मोजला, कशाने मोजला आणि कोठे मोजला, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. दोन आकडे जुळले नाहीत, तर लगेच एकाला खोटे ठरवू नये. त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर काय आहे, ते शोधावे. पुष्कळदा सत्य त्या मधल्या वाटेवरच सापडते.

स्वाध्याय

१. 'काम' आणि 'शक्ती' यांतील फरक पाठातील उदाहरणाहून वेगळे उदाहरण देऊन सांगा.

२. ज्या उंच सायकलीला साखळी नव्हती, तिच्या पायडलात एक आणि पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक असे दोन मापक बसवले असते, तर त्यांच्या आकड्यांत केवढा फरक दिसला असता? कारण द्या.

३. एका स्वाराच्या क्रँकवर १५० वॅट आणि हबवर १४४ वॅट आकडा आला. दोन्ही मापक अचूक आहेत असे मानून साखळीची कार्यक्षमता किती टक्के, ते काढा.

४. 'साखळी शक्ती घेईल, पण पदरची देणार नाही,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. पुढील शब्द व वाक्प्रचार वाक्यांत योजा : व्यर्थ, हुरळून जाणे, तोंडावर येणे, हातभार लावणे.

६. 'विनाकारण खचणे आणि विनाकारण फुगणे, ही दोन्ही एकाच अज्ञानाची फळे होत,' या विचारावर दहा-बारा ओळी लिहा.

७. घरातील किंवा शेजारची एक सायकल उलटी उभी करून तिच्या पुढच्या व मागच्या चक्रांचे दात मोजा. पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक किती फिरते, ते आधी गणिताने काढा आणि मग प्रत्यक्ष फिरवून पडताळून पाहा.